बैलाची खांदमळणी होते, शेतकऱ्याची केव्हा?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. कोणी त्याला खांदशेकणी म्हणतो, कोणी खांदमळणी. गरम पाण्याने खांदा धुवायचा, तूप-हळद लावून चोळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. त्यात कृतज्ञता आहे, तसा रोकडा हिशेबही आहे. खांदेसूज आली की बैल बसतो. बैल बसला की वखर थांबतो. ऐन हंगामात वखर थांबला की सगळे घरच बसते. म्हणून ज्याला शहाणे लोक अडाणी म्हणतात तो शेतकरीसुद्धा बैलाच्या खांद्याची दुरुस्ती पुढच्या साली बघू म्हणून टाकत नाही.

मग त्याच वखरामागे चालणाऱ्या माणसाच्या खांद्याचे काय?

कपाशीवर फवारणी करणारा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतो. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, पंपाचे वजन वेगळे. काळ्या चिखलात पाय फसत असताना दिवसातून किती पंप मारले ते दुकानदाराच्या औषधाच्या बिलावरून कळते, पाठीवर त्याची नोंद कुठेच नसते. वेचणीला जाणारी बाई कमरेला ओटी बांधून सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत वाकलेली असते. ओटी भरत जाते तसा कमरेवरचा भार वाढत जातो आणि मजुरी किलोवर असल्याने घडीभर सरळ उभे राहणेही तिला परवडत नाही. रब्बीची ज्वारी ज्या भागात हाताने उपटतात तिथे एकेका धाटाला कमरेचा एकेक हिसका बसतो. पुढे पेंढ्या बांधा, कडबा गाडीत भरा, गंजी लावा. गंजीवरून पडून, गाडीखाली पाय येऊन, विहिरीच्या काठावरून घसरून जायबंदी झालेली माणसे कोणत्या गावात नाहीत? आमच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाला अशी दोन-चार नावे सांगता येतील.

अशा माणसाचे पुढे काय होते तेही आपण जाणतो. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याची लाथ पाठीला लावून घ्यायची. त्याने भागले नाही तर बिब्बा घालायचा, डाग द्यायचा. मग तालुक्याला जाऊन सुई. सुईने दोन दिवस बरे वाटते, म्हणून पुन्हा सुई. दुखणे दाबणाऱ्या गोळ्या कित्येक वर्षे खाल्ल्या की पोट बिघडते आणि मूत्रपिंडही जाऊ शकते. एवढे करून थकलेला माणूस शेवटी बाज धरतो. घरचे म्हणतात, पडून राहा, आराम पडेल.

ह्या पडून राहण्यातच खरा घात आहे. आपले म्हातारेच तसे सांगत असे नाही, एके काळी डॉक्टरही साध्या पाठदुखीला आठवडेच्या आठवडे अंथरूण सांगत. ते मत वैद्यकाने केव्हाच टाकून दिले. कारण न वापरलेला स्नायू वाळतो. धडधाकट माणूस अंथरुणाला खिळला तर त्याच्या स्नायूंची ताकद दिवसाला साधारण एक टक्का ह्या गतीने उतरते. महिनाभर बाजेवर काढलेला गडी उठतो तेव्हा मूळचे दुखणे एक आणि पडून राहिल्याने आलेला दुबळेपणा दुसरा, अशी दोन दुखणी घेऊन उठतो. हाताचे प्लास्टर काढले की आपण म्हणतो हाड जुळले, झाले काम. पण प्लास्टरमध्ये आखडलेला कोपर किंवा मनगट शिकवल्याप्रमाणे रोज हलवले नाही तर हाड जुळूनही हात जातो. तो हात विळा धरत नाही, दोर ओढत नाही. शेतीच्या हिशेबात तो तुटलेलाच.

हलवायचे कसे, किती, केव्हा थांबायचे, हे शिकवणारे एक पूर्ण शास्त्र आहे. सरकारी कागदात त्याला भौतिकोपचार म्हणतात, लोक फिजिओथेरपी म्हणतात. मुंबईला के. ई. एम. रुग्णालयात ह्या शास्त्राची शाळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ सालची. म्हणजे हे काही काल आलेले फॅड नव्हे. सत्तर वर्षे झाली, शास्त्र मुंबईतून निघाले आहे. आपल्या तालुक्याला पोहोचायला त्याला एस. टी. मिळालेली नाही.

आता आपल्याच घरातला दुसरा मुलगा पाहा. तो आकुर्डीला आहे.

आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण ही नावे आपल्याला परकी नाहीत. कोरडवाहू शेतीने ज्यांना पोसले नाही ती आपलीच पोरे तिथे चाळीत खोली करून राहतात. आकुर्डी हेही एक गावच होते. औद्योगिक महामंडळ १९६२ साली निघाले आणि त्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या शेतांवर कारखाने उभे राहिले. ज्या स्कूटरपायी आपल्याकडची लग्ने अडून राहत ती आकुर्डीच्याच कारखान्यातून निघे.

समजा, दोन भाऊ आहेत. धाकटा आकुर्डीच्या एका कारखान्यात, थोरला गावी बारा एकर कोरडवाहूवर. एकाच महिन्यात दोघांची पाठ धरली, धाकट्याची सुटा भाग उचलताना, थोरल्याची सरकीचे पोते उचलताना. पाठ दोघांची सारखीच, एकाच आईच्या दुधावर वाढलेली. धाकट्याच्या पाठीमागे १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कामगार राज्य विमा योजना आहे. जुलै २०१९ पासून त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के तिथे जमा होतात. कामावर इजा होऊन तो घरी बसला तर जेवढे दिवस काम करता येत नाही तेवढे दिवस मजुरीच्या नव्वद टक्के रक्कम मिळण्याचा त्याचा हक्क आहे. इजा कायमची ठरली तर कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवून त्या मानाने जन्मभर पैसे. औषधपाणी योजनेचे. थोरल्याला ह्यातले काय आहे? पायाळूची लाथ आहे.

धाकट्याचे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. कंत्राटदाराने कार्डच काढले नाही, अपघाताची नोंदच केली नाही, प्रेसमध्ये बोटे गेल्यावर पोराला गाडीत घालून गावी पाठवून दिले, अशा तक्रारी आपल्या पोरांकडून आपण ऐकतो. असा पोर तुटका हात घेऊन परत येतो तो कोणाकडे? आपल्याकडेच. कारखान्याने वापरलेल्या आणि मोडलेल्या शरीराचे पुनर्वसन केंद्र म्हणजे कोरडवाहू शेती! पण एवढे असूनही एक गोष्ट खरी: कामगाराच्या शरीराची दुरुस्ती हा उत्पादनाचा खर्च आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे. शेतकऱ्याच्या शरीराबद्दल ते कोणी मान्यच केलेले नाही.

शेतमालाचा उत्पादनखर्च काढणारे केंद्राचे कृषिमूल्य आयोगाचे गणित बघा. बियाणे धरतात, खत धरतात, बैलांची मेहनत धरतात. अवजारे आणि गोठा झिजतात म्हणून त्यांचा घसारा धरतात. घरच्या माणसांची मेहनत मजुरीच्या दराने धरतात, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही एका हिशेबात येते. पण वखर झिजतो तसा वखरामागचा माणूसही झिजतो, चाळिशीत त्याचे गुडघे आणि पन्नाशीत त्याचा मणका जातो, हा घसारा कोणत्या रकान्यात? लोखंडाला घसारा आहे, हाडाला नाही. कपाशीच्या क्विंटलमागे वेचणाऱ्या बाईची कंबर किती झिजली, हे विचारले की तज्ज्ञ हसतात. हसू देत. आम्ही पुन्हा विचारू.

अपघाताला सरकारची योजना आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. आधी ती विमा योजना होती, २०२३ पासून गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने सानुग्रह अनुदान म्हणून चालते. शेतकरी अपघातात मेला तर दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. आम्ही ह्या पैशाला नावे ठेवत नाही, विधवेच्या हातात ते वेळेवर पडावेत म्हणून आपले कार्यकर्ते तहसिलीत खेटे घालतातच. पण दरपत्रक नीट वाचा. हात कापला गेला तर किंमत आहे. कापण्यापासून वाचवलेला पण आखडून बसलेला हात चालता करायला सहा महिने व्यायाम हवा, त्या सहा महिन्यांना किंमत नाही. मणका दुखावून माणूस वर्षभर वाकला, वर्षभराने उभा राहिला, तर त्या वर्षालाही किंमत नाही. सरकार शेतकऱ्याचा तुटलेला तुकडा विकत घेते, शाबूत माणूस दुरुस्त करायला एक पैसा देत नाही. भंगारवाल्याचा व्यवहार ह्याहून वेगळा काय असतो?

दुरुस्ती केली तर माणूस कुठवर जातो, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर फौजेत गेले. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि पाय गेले. मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना हा माणूस पाण्यात उतरला. आधी तो मुष्टियोद्धा होता, आता पोहू लागला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक घेतले, तेही ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह. पुढे पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली, २०२४ साली त्यांच्यावर हिंदी सिनेमा निघाला, तेव्हा कुठे देशाला नाव कळले.

पेटकरांची जिद्द मोठी, त्यात वाद नाही. पण जिद्दीच्या गोष्टी सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत. जखमी शिपायाला फौजेने बाजेवर टाकले नाही. रुग्णालय होते, शिकवणारा होता, पाणी होते. फौजेने पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयवांचे केंद्र काढले. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीला पुनर्वसन केंद्र काढले. आकुर्डीहून लोकलने निघालात तर खडकी पाचवे स्टेशन. जवानाला हे मिळते, ते मिळालेच पाहिजे. ‘जय जवान’ ह्याचा अर्थ निदान खडकीत तरी विटा-सिमेंटमध्ये दिसतो. ‘जय किसान’ ह्याची इमारत कुठे आहे, तेवढे कोणी दाखवावे.

पाण्याचा उपयोग काय होतो हे शेतकऱ्याला समजावण्यासाठी पुस्तक लागत नाही. विहिरीतून घागर शेंदताना घागर पाण्यात असेतो दोर हलका लागतो, पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते. माणसाचेही तेच. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की पायांवर साधारण निम्मेच वजन येते, छातीएवढ्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ज्याचा गुडघा जमिनीवर एक पाऊल सोसत नाही तो पाण्यात दहा पावले चालतो. पाण्याचा दाब सूज उतरायला मदत करतो, कोमट पाण्याने आखडलेले स्नायू सैल पडतात आणि हात-पाय जितक्या जोराने हलवावा तितका पाणी विरोध करते, म्हणजे वजने न उचलता व्यायाम होतो. चाकण-खेडकडचे बैलगाडा शर्यतीवाले आपल्या बैलांना तलावात पोहायला घालतात ते उगाच नाही.

शहराला हे कळले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचे पोहण्याचे तलाव आहेत, फिजिओथेरपीचे कॉलेज आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी पाण्यातल्या व्यायामाला ‘वेलनेस’ असे गोंडस नाव देऊन विकणारेही आहेत. खुर्चीवर बसून मान आखडलेल्या साहेबाची मानसुद्धा दुखतेच, तिचा आम्ही हेवा करत नाही. फक्त त्या तलावातले पाणी कुठून येते हे विसरू नये. ते मावळातल्या पवना धरणाचे. त्याच धरणातून निगडीपर्यंत बंद नळ नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती.

आकुर्डी वर्षातून एक रात्र शेतकऱ्याचे गुडघे पाहते. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की तिचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. दिंड्यांमधून चालणारे बहुतेक आपल्यासारखेच, पेरणी आटोपून किंवा आभाळावर सोडून आलेले. त्यांचे पाय चेपायला, तेल लावायला, फोड बांधायला शहरातली चांगली माणसे वाटेवर बसतात. त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. पण ज्या गुडघ्यांना वारकरी म्हणून एक रात्र सेवा मिळते, त्या गुडघ्यांना शेतकरी म्हणून उरलेले वर्ष काय मिळते? सेवा भाविकाला मिळते, हक्क कोणालाच नाही.

आता कोणी म्हणेल, संघटनेला काय झाले, प्यायला टँकर येतो त्या गावात पोहण्याचे तलाव मागायला निघाले! तर स्पष्ट सांगतो, आम्ही तलाव मागत नाही. पाण्यात जादू नाही. बहुतेक पाठींना आणि गुडघ्यांना कोरड्या जमिनीवरचा, नीट शिकवलेला व्यायाम तितकाच लागू पडतो. पाणी ही ज्याला जमिनीवर उभेच राहता येत नाही त्याच्यासाठी शिडी आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात छातीएवढ्या पाण्याचा, पायऱ्यांचा, धरायला दांडा असलेला एक हौद असावा, त्याला फार पाणी लागत नाही. पण आधी हवा तो माणूस. तीस खाटांच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक भौतिकोपचारतज्ज्ञ, महिन्यातून एकदा भेट देणारा नव्हे, रोज बसणारा. त्याला लागते काय? एक खोली, एक सतरंजी, भिंतीला लावलेली शिडी, दोरी आणि कप्पी. कप्पी तर आपल्या विहिरीवरही आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी अशी सोय असावी हे केंद्र सरकारने २०१०-११ साली सुरू केलेल्या ज्येष्ठांच्या आरोग्य कार्यक्रमात लिहिलेले आहे. तिथवर जाणाऱ्या एस. टी.च्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत व्यायाम शिकणे परवडत नाही, कारण हे एका सुईचे काम नसते, आठवड्यातून दोनदा असे महिनोन्‌महिने यावे लागते. म्हणून तालुक्याच्या खाली मागणी आहे.

तो माणूस येईपर्यंत काय? मायबहिणींनो, हे तुम्ही जास्त ध्यानात घ्या, कारण घरातला आजारी तुम्हीच सांभाळता आणि स्वतःचे दुखणे मात्र चुलीमागे ठेवता. साध्या पाठदुखीत बाज धरू नये. एक-दोन दिवस जडकामाला सुट्टी द्यावी, पण घरात, अंगणात थोडे थोडे चालत राहावे. प्लास्टर असेल तर बाहेर राहिलेली बोटे दिवसातून अनेकदा हलवावी, बोटे काळी-निळी पडली किंवा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली तर पायाळू नको, बिब्बा नको, रात्र असली तरी गाडी करून मोठे रुग्णालय गाठावे. तिथे तासांचा हिशेब असतो. उंचावरून पडलेल्या माणसाला बखोट धरून बसवू नये, फळीवर सरळ ठेवूनच हलवावे. ओटी निम्मी भरली की रिकामी करावी. शेतमालकांनी वजन करताना त्यावरून बाईला बोलू नये; हे आम्ही आपल्याच लोकांना सांगतो आहोत.

आणि हे वाचून कोणी जायबंदी माणसाला विहिरीत किंवा शेततळ्यात उतरवू नका. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ एवढा निसरडा असतो की धडधाकट पोहणाराही वर येऊ शकत नाही. अशा तळ्यात बुडून कित्येक पोरे गेली आहेत. पाण्यातला व्यायाम शिकवणारा शेजारी उभा असेल तरच करावा. उघडी जखम, फिट किंवा हृदयाचा आजार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच नाही.

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांवर ठराव घ्यायचा आहे: ग्रामीण रुग्णालयात रोजचा भौतिकोपचारतज्ज्ञ, अपघात योजनेत बरे होण्याच्या काळाचे पैसे आणि उत्पादनखर्चात माणसाचा घसारा. तिसरी मागणी ऐकून अधिकारी चिडतील, म्हणून ती आधी मांडू. ठरावाला बळ यायचे तर हिशेब हवा आणि तो सरकारकडे नाही. म्हणून येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या तीन वर्षांत शेतकामात इजा होऊन महिनाभराहून अधिक घरी बसलेल्यांचे वय, इजा कशाने झाली, किती दिवस काम बुडाले, उपचाराला किती गेले, त्यासाठी काय विकले, आणि व्यायाम शिकवणारा कोणी भेटला की नाही. शेतकऱ्याबरोबर सालदार आणि मजूर बाया धराव्यात. आकुर्डी-चाकणहून जायबंदी होऊन परत आलेली पोरेही त्यातच लिहावीत, कार्ड होते की नव्हते ह्या नोंदीसह. नावे लिहू नयेत, आकडे पुरेत. कागद गाव शाखेच्या प्रमुखाने बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत जिल्हा कचेरीत पोहोचवावा.